वाचून झाला की उलटा

१

त्या वाचनालयात एका कपाटाला कुलूप नव्हतं, आणि त्यातलं पुस्तक चोरायचं म्हटलं तर चोराला हातगाडी आणावी लागली असती. ते अंधांसाठीचं ब्रेल लिपीतलं बायबल होतं. छापील बायबल कोटाच्या खिशात मावतं. हे चव्वेचाळीस खंडांचं होतं, चार फळ्या भरून, एकेक खंड उशीएवढा. खंड एकावर एक रचायचे नाहीत आणि घट्ट दाबूनही ठेवायचे नाहीत, नाहीतर कागदावर उठवलेले ठिपके बसतात. ठिपके बसले की वाचणाऱ्याच्या बोटांना नुसता कोरा कागद लागतो.

ग्रंथपाल गेली एकतीस वर्षं हे कपाट सांभाळत होता. माणूस नाकासमोर चालणारा. पुस्तकाची पाठ बोटभर पुढे आलेली दिसली तरी त्याला घास गोड लागत नसे. त्याची बायको खालच्या मजल्यावरच्या ब्रेल छापखान्यात मुद्रितं तपासायची. ती जन्मापासून आंधळी होती. दुपारी एक ते दोन वाचनालय बंद असायचं, त्या तासात ती काठी टेकत सोळा पायऱ्या चढून वर यायची आणि खिडकीजवळच्या टेबलाशी वाचत बसायची. जाता-येता काउंटरवरच्या त्याच्या नावाच्या पाटीवर बोट फिरवायची आणि विचारायची, "आहात ना जागेवर?"

"जागेवर नसून जातो कुठे?"

पाटी लाकडी होती. नाव रंगवलेलं, आणि त्याच्या वर तिने स्वतः उठवून चिकटवलेली ब्रेलची पट्टी. डोळसांना वाटे, पट्टीवरही नावच असेल. पट्टीवर होतं, 'ओळीवाले'. आंधळे वाचक काउंटरपाशी आले की उगाच हसायचे, ते त्यामुळे.

"या पुस्तकांची ओळ कुणी लावली ठाऊक आहे?" ती एकदा म्हणाली होती. "जे आधी घडलं ते आधी, असं काही नाही. आधी नियमशास्त्र, मग इतिहास, मग कविता, मग संदेष्टे. संदेष्ट्यांत जाडे पुढे, बारके मागे. पत्रांचं तर विचारूच नका. लांबलचक पत्र आधी आणि चिठ्ठी शेवटी. ईयोबाची गोष्ट म्हणे फार जुनी, पण तो बिचारा अठरावा उभा. हे देवाचं काम नव्हे हो. हे तुमच्यासारख्या कुणा कपाटवाल्याचं काम."

"मग चोख असणार."

"चोखच आहे. म्हणून तर चुकवता येत नाही."

तिच्या शाळेत यांतले चारच खंड होते. पण सहासष्ट पुस्तकांची नावं मात्र पाढ्यांसारखी पाठ करून घेतलेली. नावं सगळी तोंडपाठ आणि आत काय आहे याचा पत्ता नाही, असं तिचं अर्धं आयुष्य गेलं. वाचनालयात पूर्ण संच आला तेव्हा तिने ठरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न गाळता वाचायचं.

तिची एक खोड होती. खंड वाचून झाला की ती तो फळीवर उलटा ठेवायची, डोकं खाली. त्यामुळे पाठीवरची ब्रेलची पट्टी तळाशी जायची. दुसऱ्या दिवशी वरच्या कडेने बोट फिरवत गेलं की जी पहिली पट्टी हाताला लागेल तो पुढचा खंड. खंड अर्धाच झाला असेल तर तो टेबलावरच राहायचा, आत कागदाची खूण घालून. उलट्या खंडांची ती रांग ग्रंथपालाला बघवायची नाही. तो चिडायचा, ती हसायची, आणि खंड उलटेच राहायचे.

२

सव्वीस खंड उलटे झाले आणि ती आजारी पडली. औषधांनी रोग हटला नाही, पण बोटं बधिर झाली. एका संध्याकाळी पलंगावर बसल्या बसल्या तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. कपाळ, भुवई, नाक, ओठ. ती रोजच असं करायची. त्या दिवशी मात्र हात मध्येच थांबला.

"काही कळत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही आहात की भिंत आहे?"

ती हसत म्हणाली होती. तो स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडला.

मग तो तिला छापील बायबल वाचून दाखवू लागला. यिर्मया तिने स्वतः संपवला होता. त्याने त्यापुढची पानं उलटली आणि थेट यहेज्केल सुरू केला.

"एक राहिलं," ती म्हणाली.

"कुठलं?"

"अहो ओळीवाले, माझ्याशी आंधळी कोशिंबीर खेळू नका. यिर्मयानंतर विलापगीत."

"ते रडगाणं आत्ता कशाला? नंतर वाचू."

"नंतर म्हणजे ओळीत कुठे?"

तो यहेज्केलच पुढे वाचत राहिला. पाचच अध्यायांचं पुस्तक, तासाभराचं काम. पण पुढ्यात ती अशी पडलेली असताना ते वाचायला त्याची जीभ रेटेना. बारा दिवसांनी, यहेज्केल अर्ध्यावर असताना, ती गेली.

३

पाच आठवड्यांनी तो कामावर परतला. सव्वीस खंड उलटे होते तसेच होते. सरळ करायला त्याचा हात होईना.

दुपारी एकला त्याने दार बंद करून किल्ली खिशात टाकली, खाली जाऊन डबा खाल्ला, दोनला वर आला. पंखा बंद होता, खिडक्या बंद होत्या, उन्हाचा पट्टा टेबलावर होता. तिची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली दिसली. ती त्याने आत ढकलली. मग सवयीने कपाटावर नजर टाकली, आणि मनात पाल चुकचुकली.

सत्तावीस खंड उलटे होते.

सत्तावीसावा खंड म्हणजे विलापगीत. सगळ्या संचातला सर्वांत बारीक.

त्याने स्वतःला समजावलं. सफाईवाली बाई सकाळी धूळ पुसते, तिने ठेवला असेल. पण सकाळी त्याने स्वतः मोजले होते. मोजताना चुकला असेल. एकतीस वर्षांत चुकला नव्हता, पण एकतीस वर्षांत बायकोही गेली नव्हती. मग आपणच, भानावर नसताना? हे त्याला बरं वाटलं. दुःखात माणूस काय काय करतो! त्याने खंड सरळ केला आणि रजिस्टर उघडलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तो पुन्हा उलटा होता. त्याने सरळ केला. तिसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी घड्याळकाका आले. हे म्हातारे आंधळे वाचक रोज दोनला हजर असत. त्यांच्या मनगटावर काच उघडणारं घड्याळ होतं, काट्यांना बोट लावून ते वेळ सांगायचे आणि ती सगळ्या इमारतीवर लादायचे.

"आज मी वीस मिनिटं आधी आलो," काका म्हणाले. "दाराबाहेर बसलो होतो. कुणी नवीन बाई लागल्या आहेत का वाचायला?"

"नाही. का?"

"आत कुणीतरी वाचत होतं. दोन्ही हातांनी. उजवा हात ओळ संपवतो तोवर डावा पुढची ओळ धरतो, त्याचा आवाज वेगळा येतो. खस्स, खस्स, मध्ये खंड नाही. असं वाचणारी इथे एकच होती." काकांनी कान खाजवला. "मी म्हातारा झालोय. कानही म्हातारे होतात."

"होतात," ग्रंथपाल म्हणाला. त्याच्या हातातलं पेन खाली पडलं होतं, ते शोधायला तो बराच वेळ वाकून राहिला.

त्या संध्याकाळी त्याने विलापगीत सरळ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता टेबलावर यहेज्केलचा पहिला खंड होता, आणि त्यात साधारण मध्यावर कागदाची खूण होती.

४

यानंतर तो डबा खायला खाली गेला नाही. एकला दार लावायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा. दारात वीतभर काच होती, पण पहिले दोन दिवस त्याने तिकडे मान वळवली नाही. नुसता ऐकत राहिला.

आधी काहीच नसे. खालून छापखान्यातल्या यंत्राची घरघर. मग खुर्ची सरकायची, जाड कागद उलटायचा, आणि काका म्हणाले तो आवाज सुरू व्हायचा. काठीचा आवाज मात्र कधी आला नाही. काठी घरी दारामागे टांगलेली होती.

तिसऱ्या दिवशी त्याने काचेतून पाहिलं. खुर्ची रिकामी. टेबलावर खंड उघडा, खिडकीतून तिरपं ऊन पडलेलं, आणि त्या उन्हात प्रत्येक ठिपक्याची बारीक सावली. त्या सावल्या एका जागी मिटत होत्या. कागद तिथे दबत होता, बोटाएवढा, आणि ते दबणं डावीकडून उजवीकडे ओळीवरून सरकत होतं. ओळ संपायच्या आत खालच्या ओळीच्या टोकाशी दुसरी जागा दबली.

त्याने काचेवरून तोंड फिरवलं. लाज वाटावी इतका त्याला आनंद झाला होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी होती. आई गेल्यापासून रोज फोन करायची आणि रोज एकच विषय काढायची.

"बाबा, नोकरी पुरे झाली आता. इकडे या ना. एकटे काय करता तिथे?"

"एकटा कुठे आहे? कामात असतो."

"आवाज बरा वाटतोय आज तुमचा. जेवलात?"

"जेवलो," तो म्हणाला. डबा तसाच परत आला होता.

असे दोन महिने गेले. दानीएल उलटा झाला. बारा लहान संदेष्टे दोन खंडांत उलटे झाले. जुना करार संपला, नवा लागला. मत्तय, मार्क, लूक, योहान. तो दाराबाहेर बसून नावं पुटपुटायचा, तिच्या शाळेत पाठ करून घेतली होती तशी. त्याला वाटे, आपण एकत्र वाचतोय. गाळलं होतं ते तिने स्वतः भरून काढलं, माझ्यावर राग धरला नाही.

प्रेषितांची कृत्ये झाली. पत्रं सुरू झाली, लांब आधी, आखूड मागून. आणि पत्रं आखूड होत चालली तेव्हा एका दुपारी तो बाकावरून उठून आत आला आणि सरळ असलेले खंड मोजू लागला. मोजायला फार वेळ लागला नाही.

दोन उरले होते. त्रेचाळिसावा, त्यात शेवटची पत्रं. चव्वेचाळिसावा, प्रकटीकरण.

त्यानंतर फळीची लाकडी कड होती.

५

तीन दिवसांनी त्रेचाळिसावा खंड उलटा झाला. त्या संध्याकाळी काका गेले, सफाईवाली बाई गेली, तरी ग्रंथपाल कपाटासमोर उभाच होता.

त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. उद्या ती वरच्या कडेने बोट फिरवत येईल, चव्वेचाळीसवर पट्टी लागेल, तो काढेल, तीन-चार दिवसांत संपवेल. मग या खोलीत तिला काय काम?

तिची पद्धत त्याच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. उलटा म्हणजे झालेला. सरळ म्हणजे व्हायचा. तिला डोळे नव्हते, होती ती ही खूण, आणि त्या खुणेवर तिने डोळे झाकून विश्वास टाकला होता, असं ती स्वतःच विनोदाने म्हणायची.

त्याने त्रेचाळिसावा खंड बाहेर काढला, फिरवला आणि सरळ ठेवला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. जिना उतरताना त्याला वाटलं, सगळी इमारत आपल्याकडे बघतेय.

दुसऱ्या दिवशी एक वाजता खुर्ची सरकली, कागद उलटला, खस्स, खस्स. त्याने काचेतून पाहिलं. टेबलावर त्रेचाळिसावाच होता. तीन दिवसांनी तो उलटा झाला आणि संध्याकाळी त्याने तो सरळ केला. पुन्हा तीन दिवस. पुन्हा सरळ. पेला कधी रिकामा होऊ द्यायचा नाही, एवढं साधं होतं ते. त्याने स्वतःला विचारलं, यात वाईट काय आहे? तिला वाचायला हवं होतं, ती वाचतेय. मला ती हवी होती, ती आहे. कुणाचं काय जातंय?

"बाई हल्ली तेच तेच वाचतात," काका एकदा म्हणाले.

"तुम्हाला काय कळतं, काय वाचतात ते?"

"काय ते नाही कळत. पण माणूस ओळखीचं वाचतो तेव्हा बोट पुढे पळतं. आणि मग एका जागी थबकतं, मागे येतं. मनात शंका आली की." काकांनी घड्याळाची काच उघडली, काटे चाचपले, काच मिटली. "तुम्ही त्यांना काही सांगत का नाही?"

६

सहाव्या आठवड्यात आवाज बदलला.

खस्स असा यायचा तो घासल्यासारखा येऊ लागला. एक ओळ, मग थांबणं. तीच ओळ पुन्हा, जोर देऊन. मग पान उलटायचं, मग लगेच मागचं पान. खुर्ची मागे सरकायची, पुन्हा पुढे यायची. दोन वाजता आत गेल्यावर खंड टेबलावरच असायचा आणि खूण आदल्या दिवशीच्या पानावरच. पुढे सरकतच नव्हती.

त्याने खंड उघडला आणि बोट लावलं. त्याला ब्रेल डोळ्यांनी वाचता यायचं, बोटांनी जेमतेम. पण या पानावर बोटांना काहीच लागेना. त्याने पान खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. ठिपके बसले होते. नुसते झिजले नव्हते, सपाट झाले होते, इस्त्री फिरवल्यासारखे. पुढचं पान तसंच. शंभर वाचकांनी शंभर वर्षं वाचलं असतं तरी इतकं झालं नसतं. त्याने सगळी पानं पाहिली. त्रेचाळिसावा खंड पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा होता.

त्याला आत कुठेतरी कळलं, पण कळलेलं त्याने वर येऊ दिलं नाही. संध्याकाळ झाली तेव्हा तो खंड टेबलावरून उचलून त्याने फळीवर ठेवला. सरळ.

दुसऱ्या दिवशी काका दोनला आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"आज मी लवकर आलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही बाकावर नव्हता."

"बँकेत गेलो होतो. दार बंद होतं ना?"

"दार बंदच होतं. मी बाकावर बसलो. त्या वाचत नव्हत्या. भिंत चाचपत होत्या, आतून. मग दार. मग..." काकांनी स्वतःच्या गालाला हात लावला. "माझ्या तोंडावरून बोटं फिरली हो. बंद दाराबाहेर. घाबरलो नाही म्हटलं तर खोटं होईल. पण त्या बोटांत राग नव्हता. आपला हात बरा आहे ना, हे बघतं माणूस, तसं काहीतरी होतं. मी म्हटलं, बाई, मी आहे. त्यांना कळलंच नाही. तशाच घासत राहिल्या, घासत राहिल्या."

ग्रंथपालाने काउंटरची कड घट्ट धरली.

"तुम्ही काय केलंत?" काका हळूच म्हणाले. "काहीतरी केलंय तुम्ही."

७

रविवारी मुलगी आली. आईचं कपाट आवरायचं म्हणून आली होती, पण दोन कपडे काढून ती पलंगावरच बसली.

"शेवटी शेवटी आई मला काय म्हणाली सांगू?" ती म्हणाली. "म्हणाली, दुखतं त्याचं काही नाही गं. पण बोटांना काही लागत नाही ना, तेव्हा वाटतं मी आधीच मेलेय आणि तुम्ही कुणी मला सांगत नाही."

"मला नाही कधी बोलली."

"तुम्हाला कसं बोलेल? तुम्ही नळ सोडून रडायचात, तिला ऐकू यायचं." ती डोळे पुसत हसली. "तिला म्हणे एवढंच हवं होतं की ते कपाट संपावं. शेवटच्या फळीच्या कडेला हात लावायचा होता. शाळेत पाठ केलं होतं ना, ते खरंच संपतं का, बघायचं होतं."

दारामागची काठी त्याने उतरवली आणि मुलीच्या हातात दिली.

सोमवारी एक वाजता त्याने दार आतून लावलं. काउंटरमागच्या आपल्या खुर्चीत बसला. पाठीमागे भिंत, समोर कपाट, उजवीकडे खिडकी आणि तिचं टेबल. आता आतच बसायचं आणि तिला सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. काय सांगायचं ते मात्र ठरलं नव्हतं.

खंड टेबलावर होता. पान उलटलं. घासण्याचा आवाज, एकच ओळ, पुन्हा, पुन्हा, इतक्या जोराने की कागद चुरगळला. मग थांबला. मग काहीच नाही. खालचं यंत्रही बंद होतं, जेवणाची सुट्टी.

खुर्ची मागे सरकली.

आवाज आता टेबलाच्या कडेवरून येत होता. मग खिडकीच्या काचेवर. मग फळ्यांच्या लाकडावर, पण खंडांच्या पट्ट्यांवर थांबला नाही, काही वाचत नव्हता, नुसता चाचपत होता. काउंटरच्या कोपऱ्यात आला. रजिस्टरचं पान थरथरलं, पेन घरंगळलं. नावाच्या पाटीवरूनही तो गेला, न थांबता. ग्रंथपालाला ओरडावंसं वाटलं आणि ओरडता येईना.

बोटं त्याच्या कपाळाला लागली.

गारही नव्हती, गरमही नव्हती. कपाळावरून भुवईवर आली, भुवईवरून नाकावर, तोच जुना रस्ता. ओठांपाशी थांबली. मग मागे गेली, पुन्हा भुवईवर, अडलेला शब्द माणूस पुन्हा वाचतो तशी.  आता, आता ओळखेल.

"अगं, मी आहे," तो म्हणाला. "मी. जागेवरच आहे."

बोटं क्षणभर तशीच राहिली. मग गालावरून सरकली, कानावरून गेली, आणि त्याच वेगाने, त्याच दाबाने, त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर फिरू लागली. त्याच्यात आणि भिंतीत त्यांना काही फरक जाणवला नव्हता.

तो तसाच बसून राहिला आणि मोठ्याने रडला. या वेळी नळ सोडला नाही.

कळलेलं आता वर आलं होतं. आजाराने एकदा तिची बोटं घेतली होती. दुसऱ्यांदा त्याने घेतली. ती त्या अंधारात पुन्हा जाऊन पडली होती, मी आधीच मेलेय का असं विचारत, आणि या वेळीही कुणी तिला सांगत नव्हतं.

संध्याकाळी त्याने कोरा झालेला खंड टेबलावरून उचलला. फळीपाशी आला. खंड दोनदा कडेला आपटला. मग त्याने तो फिरवला आणि आत सरकवला. उलटा.

८

प्रकटीकरण चार दिवस चाललं.

चारही दिवस तो आत बसला. पहिल्या दिवशी आवाज चाचरत सुरू झाला. एक ओळ, मग बराच वेळ काही नाही. मग तीच ओळ, हलकेच, आणि मग एकदम पुढची, त्याच्या पुढची, आणि बघता बघता ते जुनं खस्स, खस्स. हे ठिपके अजून कुणी वाचले नव्हते, टोकदार होते. तिची बोटं परत आली होती. पहिल्यांदाच ग्रंथपालाला स्वतःची कीव न येता तिच्यासाठी बरं वाटलं.

तो काही बोलला नाही. वाचणाऱ्याशी बोलू नये, हे वाचनालयाच्या भिंतीवर त्यानेच लिहून लावलं होतं.

चौथ्या दिवशी पावणेदोनच्या सुमाराला पानं थोडी उरली. त्याला आवाजावरून कळत होतं. खंड एका बाजूला जड झाला की टेबल किंचित कुरकुरायचं. आता उठून तो खंड हातातून ओढून घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. एकदा नव्हे, तीनदा आलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले आणि डोळे मिटले. डोळे का मिटले, हे त्याला सांगता आलं नसतं.

शेवटचं पान उलटलं. पुठ्ठा मिटला. जड वस्तू फळीवर सरकली आणि कडेला टेकली. मग लाकडावर बोट फिरल्याचा आवाज आला, फळीच्या त्या शेवटच्या कडेवर, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

तो वाट पाहत राहिला. खोलीत काहीच नव्हतं. गेली, त्याला वाटलं. एक शब्दही न बोलता गेली, आणि हे आपल्याला शोभेसंच झालं.

मग अगदी जवळ, काउंटरवर, लाकडावर लाकूड टेकल्याचा बारीक आवाज झाला.

त्याने डोळे उघडले तेव्हा ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं. कपाटात चव्वेचाळीस खंड उलटे उभे होते.  तो बराच वेळ समोर बघत बसला, आणि समोर काय आहे ते त्याला उशिरा दिसलं.

दोनला दारावर टकटक झाली. त्याने कडी काढली. घड्याळकाका आत आले, नेहमीसारखे काउंटरपाशी थांबले आणि हसायच्या तयारीने पाटीकडे हात नेला. त्यांची बोटं पाटीवरून एकदा गेली, पुन्हा गेली. हसू आलं नाही.

"पट्टी खाली गेली," ते म्हणाले. "पाटी उलटी ठेवलीय कुणीतरी तुमची. करू सरळ?"

"राहू द्या, काका," ग्रंथपाल म्हणाला. "वाचून झालीय."